आया, माय आणि मँय

गेल्या सोमवारी ऑफिसात पोचते न पोचते तोच नाकालाहून व्हॉट्सअ‍ॅप आला. नाकाला हे मोझांबिकच्या उत्तरेकडचं बंदर. आमच्या पेढीत तूर येते ती तिथून, नाहीतर खालच्या बैरा बंदरातून. तिकडच्या एजंटाकडे कागदपत्रं बघणारा जो माणूस आहे, त्याच्याशी माझं सात-आठ वर्षांचं बोलणं आहे. एकमेकांची तोंडं आम्ही पाहिलेली नाहीत. एरवी त्याचा मेसेज म्हणजे कंटेनरचे नंबर, वजनं, सर्टिफिकेटांचे फोटो. त्या दिवशी एकच ओळ होती. 'पेर्दी आ मिन्या मँय.' माझी आई गेली. शब्दाला शब्द लावायचा तर 'मी माझी आई हरवली'.

त्या ओळीतला शेवटचा शब्द मी बराच वेळ बघत राहिले. हा शब्द माझ्या घरातला आहे असं मला कित्येक वर्षं वाटत आलंय. आज ते लिहून काढते.

मी मस्जिद बंदरला एका कडधान्याच्या पेढीत १९९८ पासून कागदपत्रांचं काम करते. पोर्तुगीज मी कुठल्या क्लासात शिकले नाही. ऑफिसात एक टायपिस्ट अंकल होते, गोव्याचे. त्यांची प्राथमिक शाळा १९६१ च्या आधीची, म्हणजे पोर्तुगीज अमलातली. धोबीतलावला त्यांच्या गावची कूड होती. मुंबईत नोकरीला आलेल्या गोवेकरांनी गावागावाच्या नावानं ज्या राहायच्या खोल्या केल्या, त्यांना कूड म्हणतात. अंकलनी अर्धं आयुष्य तिथं एका पेटीवर आणि एका खाटेवर काढलं. मोझांबिकचे, अंगोलाचे कागद आले की सगळं ऑफिस त्यांच्या टेबलाशी. मी नवी होते, शेजारी बसायचे, म्हणून हळूहळू ते मला शिकवू लागले. 'बाय, हे बघ,' म्हणून बोट ठेवायचे. तुरीला तिकडे फैजाँव बोएर म्हणतात, तो मी शिकलेला पहिला शब्द. आई हा बहुधा दहावा-बारावा असेल.

लिहायला सोपा. रोमन एम, ए, ई एवढी तीनच अक्षरं, आणि मधल्या एच्या डोक्यावर लाटेसारखी एक रेघ. त्या रेघेला ते लोक तिल म्हणतात. आपला चंद्रबिंदू जे काम करतो तेच तिचं काम, आवाज नाकात न्यायचा. मी पहिल्यांदा 'माए' म्हटलं. अंकल म्हणाले, 'माए नाही, बाय. नाकानं म्हण. मँय.' मी म्हटलं. ते म्हणाले, 'आता बरोबर. पण आमच्या कोंकणीत मांय म्हणजे सासू हां. नीट बघून वापर.' आणि खूप हसले.

मी मात्र हसू शकले नाही, कारण माझ्या कानात दुसरीच हाक वाजली होती.

माझी आई जालन्याकडची. १९७२ च्या दुष्काळानंतर, सोळाव्या वर्षी लग्न होऊन लालबागला आली. वडील गिरणीत. आमच्या चाळीत बहुतेक सगळे कोकणातले नाहीतर साताऱ्याकडचे. तिथं मुलं 'आई' म्हणायची, नाहीतर 'आये'. माझी आई स्वतःच्या आईला 'माय' म्हणायची. आम्हा भावंडांनी मात्र 'आई'च म्हणायचं, हे तिनंच ठरवलं होतं. 'माय' म्हटलं की गावंढळ म्हणतील असं तिला वाटायचं. पण हात भाजला, ठेच लागली, अचानक दचकली, की तिच्या तोंडून निघायचं ते 'अगं माय!' तिथं ठरवलेलं काही चालायचं नाही.

हे दोन शब्द इतके सारखे कसे, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला आणि त्याचा पिच्छा मी सोडला नाही. पोर्तुगीजांकडून माय आपल्याकडे आली असेल अशी माझी पहिली समजूत होती. पाव त्यांचा, बटाटा त्यांचा, चावी, पगार, लिलाव, घमेलं त्यांचं, मग माय का नको? पण तसं नाही. माय त्यांच्या गलबतातून आलेली नाही. ती इथलीच.

लॅटिनमध्ये आईला मातेर. विभक्ती लागली की मात्रेम. त्यातून जुन्या पोर्तुगीजमध्ये माद्रे झालं. बोलणाऱ्यांच्या तोंडात मधला द्र झिजत झिजत गेला, आणि सुरुवातीच्या म मधला नाकातला सूर पुढच्या स्वरात उतरला. मँय झाली. म्हणजे ती लाटेची रेघ एरवी जिथं दिसते तिथं बहुतेकदा मूळचा एखादा न हरवलेला असतो. नकला करणारे लेखनिक जागा वाचवायला न बारीक करून अक्षराच्या डोक्यावर टाकायचे, त्याचीच पुढे रेघ झाली. पण मँयमध्ये न कधी नव्हताच. तिथं नुसता म चा पाझर आहे. मला हे फार आवडतं. ओठ मिटून काढलेला पहिला आवाज शेवटपर्यंत पुरतो.

आणि आपल्याकडे? संस्कृत मातृ, माता. प्राकृतात मधला त गळून माआ, माया. मराठीत माय. लॅटिन मातेर आणि संस्कृत मातृ या एकाच फार जुन्या शब्दाच्या लेकी. हजारो वर्षांपूर्वी त्यांची ताटातूट झाली, एक पश्चिमेला समुद्राच्या टोकाशी गेली, एक गोदावरीकाठी आली. दोघींनी एकमेकींना न विचारता मधला त टाकून दिला. दोघींची जीभ एकाच जागी झिजली. जालन्याच्या शिवारात माझ्या आजीला जी हाक मारली जायची, ती लिस्बनच्या गल्लीतली मुलं जवळजवळ त्याच आवाजात मारतात, फक्त जरा नाकातून.

यात आणखी एक गंमत आहे, ती मला पावानं शिकवली. पोर्तुगीजमध्ये पावाचा उच्चार पाँव, नाकातून. आपण घेतला तेव्हा नाक सोडून दिलं, पाव केला. लिलावाचंही तसंच, लेइलाँवचा लिलाव. आता याच चालीनं मँय आपल्याकडे आली असती तर तिचं काय झालं असतं? माय. आली असती तरी कुणाला कळलं नसतं. बसायला पाट आधीच मांडलेला होता आणि त्यावर आपलीच माय बसलेली होती.

बाप मात्र आला. पाद्री हा शब्द म्हणजे पाद्रे, म्हणजे बाप. स्वतःच्या वडिलांना पोर्तुगीज लोक पाय म्हणतात. तो त्याच पाद्रेचा झिजलेला तुकडा. माद्रे आणि पाद्रे हे पूर्ण, न झिजलेले शब्द देवाधर्माच्या माणसांसाठी राहिले. जोगिणीला माद्रे. लिस्बनला १५०९ मध्ये राणी लेओनोरनं बांधलेला माद्रे दे देउश नावाचा मठ आहे, 'देवाची माता' या अर्थाचा. आता त्यात निळ्या चित्रांच्या फरशांचं संग्रहालय आहे. घरात वापरलेला शब्द झिजतो आणि देव्हाऱ्यातला तसाच राहतो. घागरीचंही असंच असतं. रोज वापरातली घागर बघा आणि पूजेतली बघा.

अंकलच्या घरात बाप्तिस्म्याच्या वेळच्या आईला मादीन म्हणायचे. ते मूळ माद्रिन्या, म्हणजे छोटी माद्रे. तेवढी एक आई पोर्तुगीजमधून गोव्यात उतरली. आणि दुसरी उतरली ती आमच्या घरात आली. तिच्यासाठीच खरं तर मी हे लिहायला बसले.

आया.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. वडील घरी बसले. वर्षभरात घरातली भांडी गेली, मग आईच्या कानातलं गेलं. १९८३ मध्ये आई दादरच्या एका लहानशा प्रसूतिगृहात आया म्हणून लागली आणि एकतीस वर्षं तिथंच राहिली. पांढरी साडी, निळी किनार. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. पॉट देणं, चादरी बदलणं, ओली बाळंतीण उठवून बसवणं, रक्ताची फडकी थंड पाण्यात आधी भिजवून मग धुणं. गरम पाण्यात टाकलं की डाग बसतो, हे मला तिनं मी दहा वर्षांची असताना सांगितलं होतं. आणि बाळांच्या आंघोळी. डॉक्टरीण बाई कोणी नवी नर्स आली की तिला म्हणायच्या, आधी हिचं बघ. आई पाण्यात हात घालायची नाही, कोपर घालायची. तळहाताला कामानं घट्टे पडलेले, त्याला ऊन-गार समजत नाही म्हणायची, कोपराची कातडी खोटं बोलत नाही. बाळाची मान डाव्या मनगटावर, बोटं बगलेत, आणि उजव्या हातानं पाणी. डोक्यावर पाणी पडायच्या आधी ती बाळाच्या छातीवर एक ओलं फडकं ठेवायची. त्यानं ते दचकत नाही. हातपाय फेकत नाही. मी स्वतःच्या मुलीला तसंच न्हाऊ घातलं.

तिसरीत शाळेत एक कागद भरायला दिला होता. 'वडिलांचा व्यवसाय', 'आईचा व्यवसाय'. मी दुसऱ्या ओळीत माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं, 'आया'. बाईंनी त्याला लाल गोल केला आणि बाजूला लिहिलं, 'आई. एकवचन.' त्यांना वाटलं मी आईचं अनेकवचन लिहिलंय. मी घरी येऊन आईला दाखवलं. ती कागद हातात घेऊन बघत राहिली. मग म्हणाली, 'बाईंचं चुकलं नाही गं. शब्द तोच आहे.'

शब्द तो नाही, हे मला वीस वर्षांनी अंकलकडून कळलं. पोर्तुगीजमध्ये आया म्हणजे दुसऱ्याचं मूल सांभाळणारी बाई. शब्दकोश त्याचं मूळ लॅटिन आविआपर्यंत नेतात, आणि आविआ म्हणजे आजी. पोर्तुगीजांकडून तो शब्द इंग्रजांनी उचलला. साहेबांच्या बंगल्यावरची पोरं आया सांभाळायच्या, आणि बोटीनं विलायतेला जाताना मडमा त्यांना बरोबर न्यायच्या. कित्येकींना तिकडे पोचल्यावर काम संपलं म्हणून सोडून दिलं गेलं, परतीचं तिकीट नाही. लंडनला अशा बायकांसाठी आयाज होम होतं. १९०० मध्ये ते हॅकनीला हललं, आणि त्या इमारतीवर २०२२ मध्ये निळी पाटी लागली, इतिहासातल्या जागांवर तिकडे लावतात तशी. शेकडो बायका तिथून गेल्या. बहुतेकींची नोंद त्यांच्या मडमेच्या आडनावानं झालेली, अमक्यांची आया म्हणून.

हे वाचलं तेव्हा मला आईच्या प्रसूतिगृहातल्या बाळांच्या मनगटाच्या पट्ट्या आठवल्या. त्यावर लिहिलेलं असायचं 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव. बारसं होईपर्यंत बाळाला दुसरी ओळखच नसते. आई म्हणायची, हे पाच-सहा दिवस बाईचं राज्य, घरी गेलं की बापाचं नाव लागतं. आता १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारनं आईचं नाव घालायचं ठरवलंय, मुलाच्या आणि वडिलांच्या नावाच्या मध्ये. मी आईला बातमी वाचून दाखवली तेव्हा तिनं दोनदा वाचायला लावली. पोर्तुगीज लोकांत आईचं आडनाव आधी आणि बापाचं शेवटी अशी रीतच आहे. नाकालाच्या माणसाच्या सहीत दोन आडनावं असतात. त्यातलं पहिलं त्याच्या आईचं, हे मला माहीत होतं. म्हणजे सात-आठ वर्षं रोज त्याच्या आईचं नाव माझ्या टेबलावरून जात होतं.

त्या कागदांत आई आणखीही ठिकाणी लपलेली आहे. लाकडी पॅलेटवर माल आला की कीड मारल्याचा शिक्का तपासावा लागतो. लाकडाला पोर्तुगीजमध्ये मादेइरा. ते लॅटिन मातेरिआवरून, आणि मातेरिआ मातेरवरून. ज्या बुंध्यातून फांद्या फुटतात ती झाडाची आई. ट्रकचा नंबर लिहायच्या रकान्यावर मात्रिकुला लिहिलेलं असतं. तोही लॅटिन मात्रिक्सचा, म्हणजे गर्भाशयाचा, नातू. मूळ पेढीला एम्प्रेझा-मँय, आईकंपनी. ब्राझीलमध्ये तर पपईला मामाँव म्हणतात, स्तनाला जो शब्द आहे त्यावरून. आणि मोझांबिकमध्ये वयानं मोठ्या कुठल्याही बाईला मामाँ म्हणून हाक मारतात. आपल्या इस्पितळांतून हल्ली आया हा शब्द मागे पडला, सगळ्यांना मावशी म्हणतात. मावशी म्हणजे मातृष्वसा, मायची बहीण. 'माय मरो पण मावशी जगो' म्हणणाऱ्या भाषेत ती हाक कमी नाही. तरी माझ्या आईला आया म्हटलेलंच आवडायचं. मावशी कुणालाही म्हणतात, आया म्हटलं की काम येतं असं कळतं, हे तिचं म्हणणं.

ऑफिसातून निघून झवेरी बाजाराकडे चालत गेलं की पंधरा मिनिटांत मुंबादेवी. महिन्यातून एकदा तरी जाते. मुंबई म्हणजे मुंबा-आई हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. तरी अजून लोक सांगतात की बॉम्बे हे पोर्तुगीज 'बों बाइया', चांगली खाडी, यावरून आलं. अंकल यावर फार चिडायचे. बाइया स्त्रीलिंगी आहे, म्हणायचे, 'बोआ बाइया' झालं असतं. एवढं व्याकरण तिसरीतल्या पोराला येतं. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याकडे मुंबई बेट राजाकडून खंडानं होतं. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या औषधी वनस्पतींच्या पुस्तकात त्यानं बेटाचं नाव 'मोंबाईं' असं लिहिलंय. म अजून जाग्यावर आहे. हा ओर्ता ज्यू घराण्यातला. त्याच्या आईला आणि दोन बहिणींना लिस्बनला कैदेत टाकलं होतं, आणि १५४९ मध्ये त्या सुटून गोव्याला त्याच्यापाशी आल्या. मुंबादेवीच्या रांगेत उभी असताना मला कधी कधी ती बाई आठवते. लेकाला भेटायला आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्महिने बोटीतून आलेली.

तर सोमवारी त्या ओळीखाली मी लिहिलं, 'उश मेउश सेंतिमेंतुश'. दुःखाच्या वेळी तिकडे हेच लिहितात. आणखी काय लिहावं सुचेना. रात्री घरी आल्यावर आईला सांगितलं. ती आता अडुसष्टची आहे, गुडघ्यांनी घरात बसवलंय. लसूण सोलत होती. हातातलं न थांबवता म्हणाली, 'कशानं गेली त्याची माय? घरी गेली का दवाखान्यात? जवळ कोण होतं?'

मी म्हटलं, असं कसं विचारायचं गं, मी त्याला ओळखत नाही.

'नुसतं वाईट वाटलं म्हणून सोडून देऊ नये. विचारावं. माणसाला सांगायचं असतं.'

मी तिथंच बसून टाइप केलं. तिकडे साडेतीन तास मागे, संध्याकाळच असेल. उत्तर लगेच आलं आणि लांबलचक आलं. घरीच गेली. बहीण जवळ होती. सकाळी केस धुऊन घेतले होते, अंगणात उन्हात बसली होती, तिथंच. तो स्वतः बंदरावर होता, आमच्याच मालाच्या फॉर्मवर सही घ्यायला. पोचला तेव्हा केस अजून पुरते वाळले नव्हते. शेवटी त्यानं लिहिलं होतं, 'ई आ सुआ मँय?' आणि तुमची?

मी आईला सगळं वाचून दाखवलं आणि म्हटलं, 'विचारतोय, तुमची माय कशी आहे.'

आईच्या हातातली पाकळी तशीच राहिली. 'माझी माय?' ती म्हणाली. 'सांग त्याला, माझी माय गेली तेव्हा मी रातपाळीला होते. गावाहून निरोप तिसऱ्या दिवशी आला. त्या रात्री चार बाळंतपणं झाली होती, चारही मुली. सांग त्याला. मायचे केस लई लांब होते, गुडघ्याच्या खाली. दुष्काळात पाणी नाही म्हणून तिनं कापून टाकले होते, आणि मी मुंबईला निघाले तेव्हा ते नुकते खांद्यापर्यंत आले होते. लिहिलंस का?'

मी लिहीत होते.